केसपेपरवरची वेळ

कोविड लसीनंतर मुली गमावलेल्या दोन कुटुंबांच्या याचिकेला उत्तर देताना केंद्र सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की लस ऐच्छिक होती, सरकार भरपाईला बांधील नाही, पालकांनी दिवाणी न्यायालयात जावे. तिथे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. लस उत्तम, शीतसाखळी शाबूत, सिस्टरचा हात अचूक, तरीही ॲनाफायलॅक्सिस होतो, हे आपल्यापैकी प्रत्येक बालरोगतज्ज्ञ जाणतो. मग त्या आईबापांनी सिद्ध करायचे तरी काय?

नव्या लसीच्या चाचणीत इजा झाली, तर 2019 च्या नियमांनुसार भरपाई द्यावीच लागते. तीच लस सरकारी मोहिमेत आली, की केंद्राच्या या भूमिकेनुसार ते संरक्षण उरत नाही. एका मुलाने घेतलेल्या लसीने शेजारची दहा मुले सुरक्षित होत असतील, तर त्याच्या वाट्याला आलेली दुर्मीळ इजा एकट्या घराने सोसणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

अमेरिकेने 1986 मध्ये यासाठी कायदा केला. लसीच्या डोसवर, त्यातल्या प्रत्येक आजारामागे 75 सेंट कर घेऊन निधी उभारला. कोणती लस, कोणती इजा, किती अवधीत, याचा तक्ता ठरवला. त्यात बसणारी इजा लसीमुळेच झाली असे धरून चालतात. दुसरे कारण दाखवायची जबाबदारी सरकारवर येते. एमएमआरनंतर ॲनाफायलॅक्सिससाठी ही मुदत चार तासांची आहे. ब्रिटनचा 1979 चा कायदा मात्र 60 टक्के अपंगत्वाची अट घालतो. ती आपण उचलू नये.

चार तासांची ही मुदत वाचताना आपल्या ओपीडीतला केसपेपर आठवावा. ‘लसीनंतर रिॲक्शन’ एवढेच लिहिलेले असते. इंजेक्शन किती वाजता दिले, पहिले लक्षण किती वाजता दिसले, बॅच कोणती, याचा पत्ता नसतो. एईएफआय कळवले तर अंगाशी येईल, ही भीती त्यामागे आहे. जानेवारी 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओ डोसऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. ती माणसाची चूक होती आणि तिची चौकशी व्हायलाच हवी. पण निर्दोष डॉक्टरलाही आरोपीच्या रांगेत बसवले, तर कळवणार कोण? दोष सिद्ध न करता मिळणारी भरपाई ही भीतीही कमी करील.

आपापल्या शाखेच्या पुढच्या बैठकीत अशा कायद्याच्या मागणीचा ठराव मांडा. आणि उद्यापासून कार्डावर बॅच नंबर व वेळ लिहिल्याशिवाय एकही मूल लसीकरणाच्या खोलीबाहेर जाऊ देऊ नका.