टक!

टक.

गेल्या दीड-दोन वर्षांत आमच्या घरात सगळ्यात जास्त भांडणं कुठल्या आवाजावरून झाली असतील तर ती या आवाजावरून. किल्ली फिरवली की गाडी सुरू व्हायच्या ऐवजी नुसतंच 'टक'. परत फिरवली की परत 'टक'. आणि मग पाच मिनिटांनी, काहीही न करता, एका झटक्यात सुरू. जणू काही झालंच नव्हतं.

गाडी नानांची, म्हणजे माझ्या सख्ख्या काकांची. निफाड तालुक्यात शेती. 2007 सालची डिझेल पिकअप, जुन्या पद्धतीची, कॉम्प्युटर वगैरे काही भानगड नाही. टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि पहाटे पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला न्यायचे, हे तिचं काम. इतकी वर्षं तिने ते मुकाट्याने केलं. 2023 च्या पावसाळ्यात मात्र तिला ही 'टक'ची बाधा झाली.

आता नानांनी काय काय केलं त्याची यादी वाचा.

पहिल्यांदा बॅटरी बदलली. 5,800 रुपये. आठ-दहा दिवस गाडी उत्तम. मग पुन्हा टक. दुसऱ्या गॅरेजवाल्याने सेल्फ उतरवला, बुश आणि कार्बन बदलले. 2,600 रुपये. गाडी तीन आठवडे उत्तम. मग पुन्हा टक. तिसऱ्याने इग्निशन स्विच बदलला. 950 रुपये. यावेळी दुसऱ्याच दिवशी टक! एकूण 9,350 रुपये, आणि गाडी अजूनही उतारावर लावायची, म्हणजे वेळ आली तर ढकलून सुरू करता येईल.

या तिघांपैकी एकानेही बॅटरीला मीटर लावला नाही. एकानेही!

माझा या पोस्टमधला सगळा राग इथेच आहे. गॅरेजवाल्यांवर नाही (त्यांच्यावर पुढे येतोच), तर 'बदलून बघू' या दोन शब्दांवर. हे शब्द ऐकायला फार समंजस वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ असतो, 'मला माहीत नाही, पण पैसे तुमचे आहेत.'

आणि अधूनमधून येणाऱ्या दुखण्याच्या बाबतीत तर 'बदलून बघू' हा शुद्ध फसवा प्रकार आहे. कारण अशी गाडी काहीही केलं तरी थोडे दिवस बरी होते. नवा पार्ट टाकला, गाडी सुरू झाली, म्हणजे तोच पार्ट खराब होता, हे कुठलं लॉजिक? काहीही न बदलतासुद्धा ती पाच मिनिटांनी सुरू होतच होती की!

तर झालं असं, की मी गणपतीला गावी गेलो तेव्हा बॅगेत मल्टिमीटर घेऊन गेलो. मी काही मेकॅनिक नाही. कॉलेजात ओहमचा नियम शिकलो होतो आणि तो अजून विसरलो नाही, एवढंच भांडवल. घरात अर्थातच चेष्टा झाली. "पुण्याहून डॉक्टर आलेत" वगैरे. पहिले दोन दिवस गाडीही माझी चेष्टा करत होती, प्रत्येक वेळी पहिल्याच सेल्फला सुरू. मी हात लावला नाही. एकही टर्मिनल घट्ट केलं नाही, काही पुसलं नाही. अधूनमधून येणाऱ्या दुखण्याचा पहिला नियम हाच: ते समोर हजर होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. हात लावला की पुरावा गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बोलली. टक.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. ड्रायव्हरला किल्ली धरून ठेवायला सांगितली आणि मीटर लावला. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर: किल्ली फिरवण्याआधी 12.4 व्होल्ट, फिरवल्यावर 11.8. म्हणजे बॅटरी ठणठणीत. खराब बॅटरी असती तर आकडा नऊ-साडेनऊच्याही खाली कोसळला असता. मग बॅटरीचा प्लस आणि सेल्फचा जाड वायरीचा नट, यांच्यामध्ये: 0.3. ठीक. मग बॅटरीचा मायनस आणि इंजिनचा लोखंडी ब्लॉक, यांच्यामध्ये. इथे खरं तर जवळपास शून्य दिसायला हवं. आकडा सहाच्या वर गेला.

म्हणजे बाराच्या आसपास व्होल्टमधले निम्मे सेल्फपर्यंत पोचतच नव्हते, परतीच्या वाटेवरच खर्च होत होते.

ज्यांना यात गम्य नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ते चासीपासून विजेच्या दृष्टीने जवळजवळ तुटलेलं असतं. आमच्या गाडीत बॅटरीचा मायनस चासीला आहे आणि चासीपासून इंजिनपर्यंत तांब्याची विणलेली एक पट्टी आहे, अर्थिंगची. सेल्फ ओढतो तो सगळा करंट त्या पट्टीतून परत येतो. करंट 200 अँपिअर धरला तर वाटेत ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा आला तरी 2 व्होल्ट गेले. शंभरावा भाग! हा अडथळा साध्या मीटरच्या ओहमच्या खुणेवर नीट दिसतसुद्धा नाही. मीटर 'पी' करून वाजतो, वायर चांगली आहे म्हणतो. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी तो वाजेल. पण एका तंतूतून सेल्फ फिरत नसतो. म्हणून मोजायचं ते किल्ली फिरवलेली असताना, करंट वाहत असताना.

एक जाड जंपर केबल बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनला लावली. पहिल्या सेल्फला सुरू. बंद केली, केबल काढली. टक. पुन्हा लावली, सुरू. आता बोला!

पट्टी वरून अगदी चांगली दिसत होती. चासीकडचा नट उघडला तर खाली गंज आणि हिरवी पूड. कधी इंजिन बंद होताना ज्या बाजूला कललेलं राहील त्यावर पट्टी टेकणार की नाही ते ठरत होतं. आणि दुसरं टोक कुठे होतं सांगू? सेल्फच्याच बोल्टखाली. म्हणजे सेल्फ उतरवून परत बसवला तेव्हा पट्टी ओढली गेली, हलली, आणि गाडी तीन आठवडे चालली. श्रेय मिळालं कार्बनला!

पॉलिश पेपर, नवी पट्टी, 180 रुपये. परत मोजलं तर 0.2 व्होल्ट.

इथे पोस्ट संपली असती तर मी ती लिहिलीच नसती. 9,350 रुपयांचं एवढं काही नाही. प्रश्न वेगळाच आहे.

पहिली बॅटरी 'उतरली' तेव्हा घरात ठरलं होतं की ड्रायव्हर रात्री लाइट चालू ठेवून मोबाइलवर गाणी ऐकतो. कोणी पाहिलं होतं? कोणीच नाही. पण बॅटरी गेली म्हणजे कोणीतरी घालवली असणार. निम्मे पैसे, 2,900 रुपये, त्याच्या पगारातून हप्त्याने कापले. मला हे फोनवर कळलं होतं आणि मी म्हणालो होतो, "बरोबर आहे, सवय लागायला हवी." हो, हे मीच म्हणालो होतो.

आणि त्या माणसाला सगळं माहीत होतं! मीटर वगैरे नव्हतं, पण डोळे होते. जंपर लावून गाडी सुरू झाल्यावर तो हळूच म्हणाला, "दादा, मी तवाच सांगितलं व्हतं, टक करती तवा लाइट मंद होत न्हाई." बॅटरी मेलेली असती तर लाइट मंद व्हायलाच हवे होते. म्हणजे हे एकच वाक्य पहिल्या दिवशी ऐकलं असतं तर 5,800 वाचले असते. वर तो म्हणाला, "आन् एक्सिलेटरची केबल गरम लागती."

मी उडालोच. पट्टी तुटली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि केबिनपासून इंजिनपर्यंत जाणारी लोखंडी एक्सिलरेटर केबल ही त्यातली एक वाट. केबल गरम होणे हे या रोगाचं अगदी ठळक लक्षण. त्याने हे पहिल्या गॅरेजवाल्यालाही सांगितलं होतं. तो हसला होता.

म्हणून माझं म्हणणं असं, की 'बदलून बघू' आणि 'त्यानेच केलं असणार' ही एकाच आळसाची दोन पोरं आहेत. दोन्हीत मोजायचं टाळलेलं असतं. एकात पार्टवर आळ, दुसऱ्यात माणसावर. पार्ट निदान भंगारात जातो. माणूस त्याच गाडीवर रोज पहाटे चार वाजता चढतो.

आता गॅरेजवाल्यांची बाजू. त्यांना मोजता येत नाही असं नाही. पण अर्धा तास मोजून "पट्टी बदला, 180 रुपये, आणि माझे बघण्याचे 500" असं कोणी म्हणालं असतं तर नाना काय म्हणाले असते? "नुसतं बघायचे 500?" आपण सगळेच हे म्हणतो. पार्टचे पैसे देताना हात आखडत नाही, कारण पार्ट डोळ्यांना दिसतो. डोकं दिसत नाही. मग जो डोकं विकतो तो उपाशी आणि जो पार्ट विकतो तो शहाणा. हे गिऱ्हाइकांनीच केलं आहे.

नानांनी 2,900 रुपये परत केले. पिंपळगावच्या मार्केटात, पट्टी झाल्यावर, हातात ठेवले आणि दुसरीकडे बघत चहा मागवला. माफी वगैरे शब्द आमच्या घरात फारसे वापरात नाहीत. दिवाळीनंतर तो दुसऱ्याच्या गाडीवर गेला. पगार जास्त होता म्हणतात. असेलही.

नाना, ताई तुम्हाला हे वाचून दाखवेल तेव्हा रागावू नका. अर्धी पोस्ट माझ्यावरच आहे.

आणि बाकीच्या मंडळींनी पुढच्या वेळी कोणी 'बदलून बघू' म्हणालं की एवढंच विचारा: "आधी मोजलं का?" आणि त्याच्याही आधी, जो ती गाडी रोज चालवतो त्याला विचारा.