सियालदहची दोन मिनिटे



आपल्या बाजूच्या बहुतेक गाड्या हावड्याला संपतात. त्यामुळे भुसावळच्या किंवा नागपूरच्या रेल्वे कामगाराला कोलकाता म्हणजे हावडा एवढेच ठाऊक. सियालदह त्याने ऐकलेले असते, पाहिलेले नसते. १८६२ साली इथून राणाघाटपर्यंतची लाइन सुरू झाली. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबे याच फलाटांवर दिवसच्या दिवस पडून राहिली. आज बनगाव, कृष्णनगर, कॅनिंग, डायमंड हार्बर या सर्व बाजूंची लोकलची माणसे इथे उतरतात. शेजारी कोले मार्केट, भाजीचे हारे डोक्यावर घेऊन धावणारे हमाल, वर उड्डाणपूल, जुलै २०२२ पासून खाली मेट्रो. दादरला आयुष्य काढलेला माणूसही इथे क्षणभर थबकतो.

आम्ही चौघे कांचरापाडा कारखान्यातील बांधवांना भेटण्यासाठी सियालदहहून लोकल पकडणार होतो. भाड्याची गाडी केली होती. टपावर झेंडे, डिकीत पुस्तिकांचे गठ्ठे, आणि आमच्यातील एकाच्या गुडघ्याला सूज. चालकाने गाडी उताराच्या अगदी पायथ्याशी, आडवी लावली. "इथे चालेल का?" असे त्याने विचारले. आम्हीच म्हणालो, "दोन मिनिटांचे काम आहे, लाव."

गठ्ठे उतरले. एक गठ्ठा फुटला, तो पुन्हा बांधला. खरे सांगायचे तर त्यातच मातीच्या भांड्यातील एकेक चहाही झाला. एवढ्यात मागे एक लहान पांढरी मोटार येऊन उभी राहिली. हॉर्न नाही, आरडाओरडा नाही. आम्ही समजलो, कोणाची तरी वाट पाहत असतील. आमचे सामान हलले तेव्हा ती मोटार पुढे आली, उजवा दरवाजा सताड उघडला, आतून आधी दोन कुबड्या बाहेर आल्या आणि मग माणूस. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. मोटारीच्या सुकाणूशेजारी हाताने ब्रेक दाबण्याचा दांडा बसवलेला होता.

आम्ही पुढे होऊन माफी मागितली. गृहस्थ रेल्वेचेच निघाले. शंटिंगमध्ये पाय गेला, पर्यायी कामावर कारकून झाले, निवृत्त झाले. "गाडी गेली, पुढची मिळेल," एवढेच ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "दादा, झेंडा दिसला म्हणून हॉर्न वाजवला नाही."

हे वाक्य आम्ही कांचरापाड्यापर्यंत आणि तिथून परत घरापर्यंत बरोबर आणले. चूक ना प्रशासनाची होती, ना ठेकेदाराची. चूक आमची होती. म्हणून आधी ती कबूल करून पुढचे लिहीत आहोत, कारण पुढे जे लिहायचे आहे त्यात प्रशासनालाही सोडणार नाही.

रेल्वेत अपंग कोण होतो? (सरकारने आता दिव्यांग असा शब्द रूढ केला आहे. शब्दाला आमची हरकत नाही. शब्दासोबत जागाही मिळाली असती तर अधिक बरे झाले असते.) कपलिंग जोडणारा, पॉइंट्समन, रुळांवर काम करणारा ट्रॅकमन, तारेवर चढणारा, आणि टपालाची पिशवी घेऊन दुचाकीवर भर पावसात फिरणारा आमचा पोस्टमन बंधू. हे कामावर अपंग होतात. पूर्वी अशा माणसाला घरी बसवण्याचीच घाई असे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४७ ने ठरवले की नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कोणाला काढता येणार नाही, खालच्या पदावर ढकलता येणार नाही. योग्य पद नसेल तर सुपरन्युमररी पदावर ठेवा. कुणाल सिंह यांच्या खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितले. २०१६ च्या नव्या कायद्यात तेच संरक्षण कलम २० मध्ये आले. मेडिकल डी-कॅटेगराइज्ड बांधवांच्या किती फायली आम्ही काखोटीला मारून फिरलो, हे वाचकांना ठाऊक आहे.

पण नोकरी वाचवली आणि आपण हात झटकले. तो माणूस त्या टेबलापर्यंत रोज पोहोचतो कसा, हे कोणी पाहिले? तो तीनचाकी स्कूटरवर येतो, किंवा हाताने चालवायच्या मोटारीने येतो. मोटार वाहन कायद्यात अशा वाहनाला पूर्वी 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत, २०१९ च्या दुरुस्तीने ते नाव गेले. वाहन मिळाले, लायसन मिळाले. आता ते उभे कुठे करायचे?

कागद पाहू. रेल्वेच्या स्वतःच्याच यादीत अपंगांसाठी तातडीने करायच्या सोयी लिहिलेल्या आहेत. त्या यादीप्रमाणे पूर्वीच्या ए-१, ए आणि बी वर्गाच्या स्टेशनांवर किमान दोन पार्किंगच्या जागा राखून ठेवायच्या आणि तिथून इमारतीपर्यंत न घसरणारी वाट करायची. २०१६ च्या कायद्याचे कलम ४१ रेल्वे स्टेशनांचे नाव घेऊन पार्किंगची जागा, शौचालय आणि तिकीट खिडकी यांचा उल्लेख करते. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला पाच वर्षे दिली होती. नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ सालीच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुलभतेची मानके केवळ शिफारशीच्या भाषेत ठेवणे कायद्याला धरून नाही, बंधनकारक नियम करा.

आणि कोणत्याही स्टेशनावर जाऊन पाहा. जमिनीवर पिवळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचे चित्र काढलेले असते आणि त्या चित्रावर दुचाक्यांची रांग असते. पार्किंगचा ठेका लिलावात जातो. जास्त बोली लावणाऱ्याला प्रत्येक फुटाचा पैसा वसूल करायचा असतो, आणि राखीव जागा त्याला तोट्याची वाटते. ठेका देताना त्या दोन जागा कराराच्या बाहेर ठेवल्या, त्या अडवल्या तर दंड लावला, तर हाच ठेकेदार दोरी बांधून त्यांची राखण करील. तो करार करणारे साहेब मात्र पोर्चखाली स्वतःच्या पदाची पाटी लावून गाडी उभी करतात. त्या पाटीवर दुसऱ्याची गाडी लागल्याचे आम्ही तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिले नाही. म्हणजे जागा राखता येते!

आता आपल्यातील युक्तिवाद. एक नेहमीचा: "अपंग चालक येतात तरी किती? जागा दिवसभर रिकामीच असते." बंधूंनो, अपघात मदत गाडी वर्षातले कितीतरी दिवस सायडिंगवर नुसती उभी असते. म्हणून त्या सायडिंगच्या तोंडाशी आपण मालाच्या वाघिणी लावून ठेवतो काय? ती वाट मोकळी ठेवली नाही तर कोणाची नोकरी जाते, हे सांगायला नको. शिवाय जागा मिळणार नाही हे माहीत असल्यावर तो माणूस येईलच कशाला? आधी अडवायचे आणि मग येत नाही म्हणायचे, हा कोणता न्याय?

दुसरा युक्तिवाद: "एवढी रुंद जागा कशाला? दोन स्कूटर सहज मावतात." इमारत नियमावलीत अपंगांच्या मोटारीसाठी किमान ३.६ मीटर रुंदी आणि प्रवेशद्वारापासून जास्तीत जास्त ३० मीटर अंतर दिले आहे. ही रुंदी मोटारीसाठी नाही, मोटारीच्या बाजूला लागणाऱ्या माणसासाठी आहे. दरवाजा पूर्ण उघडल्याशिवाय कुबडी निघत नाही, चाकाची खुर्ची लागत नाही. रेल्वेवाल्याला हे दुसऱ्याने शिकवावे काय? दोन लाइनी जिथे मिळतात तिथे फाऊलिंग मार्क असतो. वाघीण रुळावरच असली, तरी त्या खुणेपुढे गेली की शेजारची लाइन बंद झाली. आपली गाडी आपल्या रेषेत आहे असे म्हणून दरवाज्याची जागा खाणारा मनुष्य फाऊलिंग मार्कच्या पुढे उभा आहे.

तिसरा: "चालक गाडीतच बसलाय, कोणी आले तर हलवू." ज्याला उतरायलाच जागा नाही त्याने हलवायला सांगायला उतरायचे कसे? सियालदहला आमचे नेमके हेच झाले.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांत फार चालते. माणूस पँट घालून सरळ चालताना दिसला की "याला काय झालेय?" म्हणून वाद घालायचा. जयपूर फूट पँटच्या आत दिसत नाही. शंका असेल तर राखीव जागेवरच्या कर्मचाऱ्याने प्रमाणपत्र पाहावे, रांगेतल्या प्रत्येकाने डॉक्टर होऊ नये. कोणाची तीनचाकी त्याला न विचारता ढकलून बाजूला करणे हे तर त्याचे पायच उचलून नेल्यासारखे आहे. उलट बाजूही लिहितो. काकांच्या नावाच्या मोटारीवर चित्र चिकटवलेले आहे, काका घरी आहेत, आणि पुतण्या सिनेमाला निघाला आहे. हेही चालता कामा नये. ब्रिटनमध्ये हा परवाना माणसाच्या नावे मिळतो, मोटारीच्या नावे नव्हे. माणूस गाडीत नसेल तर चालत नाही. आपल्याकडेही तशीच व्यवस्था हवी.

कोणी म्हणेल, मग फेरीवाले हटवा, सगळे मोकळे होईल. सावध! अपंगांच्या नावाने फेरीवाल्याच्या पोटावर पाय देण्याचा डाव आम्ही चालू देणार नाही. सियालदहच्या पुलाखाली बसणारा माणूस वर्षानुवर्षे जागा अडवून गठ्ठे बांधत नव्हता, आम्ही बांधत होतो. त्याला परवान्याची जागा द्या, राखीव जागा त्याच्याही ध्यानात राहील.

कोलकात्याच्याच जीजा घोष यांना २०१२ साली विमानातून उतरवण्यात आले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देवविली. हा दयेचा प्रश्न नाही, हे त्या निकालाने मोठ्या लोकांना कळले. आमच्या शंटिंगवाल्या बांधवाजवळ ना वकील होता, ना वेळ.

म्हणून आम्ही ठरवले ते असे. पुढील पीएनएम बैठकीत हा विषय आमच्या यादीत पहिल्या पाचांत राहील. पार्किंगच्या प्रत्येक ठेक्याची अट दाखवा, राखीव जागा कराराबाहेर काढा, स्टेशनावरच नव्हे तर शेड, कारखाना, रेल्वे रुग्णालय आणि विभागीय कार्यालय येथेही त्या आखा. टपाल बांधवांनी हाच प्रश्न हेड पोस्ट ऑफिस आणि आर.एम.एस. कार्यालयांसाठी आपल्या बैठकीत मांडावा. पेन्शनच्या खिडकीवर येणारा वृद्ध अपंग माणूस तुमच्याकडे आमच्यापेक्षा जास्त येतो. रेल्वे कायदा १९८९ चे कलम १५९ आहेच. रेल्वेच्या आवारात चालकाने रेल्वे कर्मचाऱ्याची वाजवी सूचना मोडली तर तो गुन्हा आहे. अपंगांच्या डब्यात शिरणाऱ्यावर आपण कारवाई मागतो, मग डब्यापर्यंतची वाट अडवणाऱ्यावर का नको?

शाखा सचिवांनी या महिनाअखेर आपापल्या स्टेशनावर टेप घेऊन जावे आणि तीन गोष्टी लिहून पाठवाव्यात: राखीव जागा किती, रुंदी किती, त्या वेळी तिथे कोणाची गाडी उभी होती. गाडीवर आपल्या युनियनचा झेंडा असेल तर तेही लिहावे. प्रचाराच्या जीपला आम्ही सूचना दिली आहे, गेट मीटिंगच्या दिवशी ती मालधक्क्याच्या बाजूला लागेल आणि माइकची वायर तिथून ओढली जाईल. वायर कमी पडते अशी तक्रार आली आहे. नवीन वायरीचे पैसे मंजूर केले आहेत.