विश्लेषण : मालवणच्या प्रवाळांना धोका फक्त तापलेल्या समुद्राचाच?

मे महिन्याच्या सुट्टीत मालवणच्या जेटीवर सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांसाठी रांगा लागतात. किल्ला पाहून झाला की त्याच्याच आसपासच्या पाण्यात अनेक पर्यटक स्नॉर्केलिंग आणि स्कूबासाठी उतरतात. तिथल्या खडकांवर जिवंत प्रवाळ वाढतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचा समावेश २००१ मध्ये झाला. म्हणजे कागदावर त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. प्रत्यक्षात त्यांच्यावर नांगर पडतात आणि दमलेले पर्यटक त्यांच्यावर पाय टेकून उभे राहतात.

प्रवाळ म्हणजे दगड की प्राणी?

प्राणीच. दिसायला दगडासारखी असणारी प्रवाळाची वसाहत हजारो इवल्या जिवांची असते. हे जीव पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. शैवालाला आसरा मिळतो आणि ते सूर्यप्रकाशावर तयार केलेले अन्न प्रवाळाला देते. प्रवाळाचा रंगही बराचसा या शैवालाचाच. (अंगठीत घालतात ते लाल पोवळे वेगळ्या, खोल पाण्यातल्या जातीचे. मालवणच्या प्रवाळाशी त्याचा संबंध नाही.)

जगातल्या समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी भागात प्रवाळ आहेत, पण सुमारे एक चतुर्थांश सागरी जातींचे जगणे कधी ना कधी त्यांच्यावर अवलंबून असते. मालवणपुरते बोलायचे तर प्रवाळांच्या कपारी ही माशांच्या पिल्लांची लपायची जागा आहे. रापण ओढणाऱ्यांच्या जाळ्यात पुढे काय येणार, याचा थोडा हिशेब तिथेच होतो.

मालवणचे प्रवाळ वेगळे कसे?

लक्षद्वीपसारखे स्वच्छ पाणी इथे नाही. पावसाळ्यात नद्या आणि खाड्या समुद्रात गाळ आणि गोडे पाणी ओततात, काही महिने सूर्यप्रकाश तळापर्यंत नीट पोहोचत नाही. अशा पाण्यात प्रवाळांनी जगावे हेच नवल. पोराइट्स, फेव्हाइट्स, टर्बिनारिया अशा चिवट जाती इथे टिकल्या आहेत. त्यांची सलग भिंत नाही, खडकांवर विखुरलेले तुकडे आहेत. विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेल्या आंग्रिया बँकवर यापेक्षा कितीतरी समृद्ध प्रवाळ आहेत, पण तिथे नदीचा गाळ पोहोचत नाही आणि सहलीची होडीही जात नाही.

चिवट असले तरी हे प्रवाळ वाढतात अतिशय सावकाश. पोराइट्सचा गोळा वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर वाढतो. फुटबॉलएवढा व्हायला त्याला दहा-बारा वर्षे तरी लागतात. नांगराच्या एका फेकीत तो फुटतो.

विरंजन म्हणजे काय?

नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो. मग खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. पांढरा झालेला प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर शैवाल परत येते. नाही निवले, तर तो मरतो आणि त्यावर दुसरेच शेवाळ माजते.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ ते २०१९ या काळात मालवणमध्ये वारंवार विरंजन नोंदवले. एप्रिल २०२४ मध्ये तर जगभरातल्या विरंजनाची चौथी लाट जाहीर झाली. अरबी समुद्र तापतो आहे आणि तो थंड करणे मालवण नगरपालिकेच्या हाती नाही, हे उघड आहे. पण याच सबबीखाली जे हाती आहे तेही सोडून दिले जाते. कोकणचा समुद्र पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये सर्वाधिक तापतो. पर्यटकांची गर्दीही तेव्हाच असते. उपाशी, आजारी प्रवाळावर त्याच दिवसांत फिनांनी उडालेली वाळू बसते आणि ती झटकण्यातच त्याची उरलीसुरली ताकद खर्च होते.

अभयारण्य असून हे कसे चालते?

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यात गाभा जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा. स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि तो अनाठायी नव्हता. त्यांना त्यात फक्त बंदी दिसली. पर्ससीनवाले आणि एलईडी दिव्यांची मासेमारी समोर मासळी ओरबाडत असताना छोट्या होडीवाल्याने संरक्षणाचा बोजा का उचलावा, हा त्यांचा प्रश्न आजही रास्त आहे.

दहाच वर्षांनी, १९९७ मध्ये, सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. मासेमारीत भागेनासे झाल्यावर अनेक मच्छीमार कुटुंबे पर्यटनाकडे वळली. त्यांना दोष देऊन चालणार नाही. पण मासेमारीबद्दल निदान वाद तरी झाला, पाण्याखालच्या पर्यटनाला कोणी मर्यादाच घातली नाही. इथल्या स्कूबा-स्नॉर्केलिंगमुळे प्रवाळांची मोडतोड होते आणि तिला कोणीच जबाबदार धरले जात नाही, असे याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये लिहिले.

बुडवलेले जहाज उपयोगी पडेल?

नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ निवती रॉकजवळ बुडवून तिथे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याचा प्रकल्प सुमारे ४७ कोटी रुपयांचा आहे. लोखंडी सांगाड्यावर कालवे, स्पंज बसतील, मासेही येतील. किल्ल्याजवळची काही गर्दी तिकडे वळली तर फायदाच होईल. मात्र सावकाश वाढणारे प्रवाळ तिथे रुजायला कित्येक वर्षे जातील. आयते असलेले मोडू द्यायचे आणि नवे घडवायला कोट्यवधी खर्चायचे, हा व्यवहार मालवणी माणसाला तरी पटू नये.

किल्ल्याजवळच्या प्रवाळांसाठी लागणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. होड्या बांधायला तरंगते कायम बोये, म्हणजे नांगर टाकावा लागणार नाही. एका जागी एका वेळी किती जणांनी उतरायचे याचा आकडा. न पोहता येणाऱ्याला उथळ खडकावर न नेण्याची ताकीद. पाणी फार तापले की त्या जागेला काही आठवडे विश्रांती, आणि त्या काळात बुडणाऱ्या रोजगाराची भरपाई, नाहीतर हा नियम पहिल्याच मे महिन्यात मोडेल. अभयारण्य वन विभागाचे, होड्यांचे परवाने मेरीटाइम बोर्डाचे, पर्यटन महामंडळ तिसरे. जलपर्यटन पावसाळ्यात बंद असते. तेवढ्या काळात या तिघांनी एकत्र बसून पुढच्या हंगामाच्या परवान्यांत या अटी घालायला नवा कायदा लागत नाही.