मधले सत्तेचाळीस दिवस

बस्तरमधील लोहंडीगुडा येथे ३१ मार्च १९६१ रोजी पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि डझनभर आदिवासी मृत्युमुखी पडले. राज्याच्या इतिहासात या घटनेला फार तर एक परिच्छेद मिळतो आणि तो बहुधा 'जमाव हिंसक झाला' या वाक्याने सुरू होतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ही सुरुवात मान्य नाही. प्रशासनात उमेदीची सारी वर्षे घालवल्यानंतर तर ती अधिकच संशयास्पद वाटते. लोहंडीगुड्याची गोष्ट १२ फेब्रुवारी १९६१ ला सुरू होते. त्या दिवशी भारत सरकारने बस्तरचे महाराज प्रवीरचंद्र भंजदेव यांची संस्थानिक म्हणून असलेली मान्यता काढून घेतली आणि त्यांचे धाकटे बंधू विजयचंद्र यांना ती दिली. प्रवीरचंद्रांना त्याच सुमारास प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली अटक झाली होती. या निर्णयापासून गोळीबारापर्यंत सत्तेचाळीस दिवस गेले.

प्रवीरचंद्र हे केवळ मुकुट गमावलेले संस्थानिक नव्हते. १९५७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या तिकिटावर जगदलपूरमधून मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून गेले होते आणि पुढे त्यांनी राजीनामा दिला होता. बस्तरच्या आदिवासींच्या दृष्टीने ते दंतेश्वरी देवीचे प्रमुख पुजारीही होते. दसऱ्याचा उत्सव त्यांच्यावाचून पुरा होत नसे. मतदारांनी दिलेले, परंपरेने दिलेले आणि देवीने दिलेले असे तीन अधिकार एकाच माणसाच्या ठायी एकवटले होते. यांतला एकही काढून घेण्याची शक्ती दिल्लीतल्या आदेशात नव्हती. त्या आदेशाने फक्त सरकारी दप्तरातले नाव बदलले. विजयचंद्रांना लोकांनी राजा मानले नाही. प्रवीरचंद्रांना सोडा, त्यांना परत आणा, अशी मागणी करत माणसे गावोगाव जमू लागली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रवीरचंद्र हे आदर्श लोकनेते होते, असे माझे म्हणणे नाही. त्यांचा स्वभाव लहरी होता, वागणे अनेकदा अनाकलनीय असे आणि लोकशाहीपेक्षा राजसिंहासनावर त्यांचा जीव अधिक जडला होता. त्यांच्याशी व्यवहार करताना जिल्हा प्रशासन मेटाकुटीस येत असेल, हे मी सहज समजू शकतो. परंतु हटवलेला नेता चांगला होता की वाईट, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. इजिप्तचे मोहम्मद मोर्सी यांच्या कारभारावर त्यांच्याच देशात लक्षावधी लोक संतापले होते. तरीही ३ जुलै २०१३ रोजी लष्कराने त्यांना पदच्युत केले तेव्हा निवडणुकीने दिलेला राष्ट्राध्यक्ष बंदुकीने काढून घेतला गेला. त्यानंतर बेचाळिसाव्या दिवशी, १४ ऑगस्टला, कैरोच्या राबा अल-अदाविया चौकात ठिय्या देऊन बसलेल्या त्यांच्या समर्थकांवर सुरक्षा दलांनी चाल केली. ह्यूमन राइट्स वॉचच्या पडताळणीनुसार त्या एका चौकात किमान ८१७ माणसे मारली गेली. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी नवनिर्वाचित संसद भरण्याच्या काही तास आधी सेनापतींनी आंग सान सू ची यांना अटकेत टाकले. २७ मार्चला, सैन्यदल दिनीच, एका दिवसात शंभरांहून अधिक नागरिकांना ठार करण्यात आले.

कैरो आणि जगदलपूर यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल. भारतात लष्कराने निवडून आलेले सरकार कधी उलथवलेले नाही आणि ही आपल्या प्रजासत्ताकाची सामान्य कमाई नव्हे. लोहंडीगुड्यात रणगाडे नव्हते, पोलीस होते. आदेश देणारे मुलकी अधिकारी होते आणि त्यांच्यावर विधिमंडळाला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ होते. हा फरक असूनही घटनांचा क्रम इतका सारखा का यावा, हे विचारायलाच हवे. लोकांनी ज्याला आपला मानले त्याला वरून हटवले जाते. नंतरचे काही आठवडे अस्वस्थ शांततेचे असतात. मग जमाव येतो आणि त्याच्यासमोर बंदुका उभ्या असतात.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा क्रम नवा नाही. मे १९३० मध्ये महात्मा गांधींना अटक झाल्याची बातमी सोलापुरात पोहोचली, शहर रस्त्यावर उतरले आणि ८ मे रोजी गोळीबार झाला. १२ मेपासून जूनअखेरपर्यंत तेथे लष्करी कायदा होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. अटक आणि गोळीबार यांच्यामध्ये सोलापुरात तीन-चार दिवसच होते. परकीय सत्तेला मधल्या काळाचा उपयोग करायचा नव्हता, एवढेच म्हणता येईल. स्वकीय सत्तेला हे उत्तर शोभत नाही, कारण मधल्या काळात लोकांशी बोलणे हेच तिचे काम असते.

मग ती का बोलत नाही? माझ्या मते याचे कारण हकालपट्टीच्या निर्णयातच दडलेले असते. एखाद्या नेत्याला हटवण्याची शिफारस करणारी टिप्पणी वर जाते तेव्हा तिचा युक्तिवाद ठरलेला असतो: लोक साधे आहेत, हा माणूस त्यांना चिथावतो, तो दूर झाला की सारे शांत होईल. ती मंजूर झाल्यावर लोकांशी वाटाघाटी करायच्या म्हणजे त्यांचे स्वतःचे काही म्हणणे आहे हे कबूल करायचे, आणि मग मूळ टिप्पणीच खोटी ठरते. म्हणून कोणी बोलत नाही. जिल्ह्यातून अहवाल जातात ते संख्येचे असतात: किती माणसे जमली, किती धनुष्यबाण होते, किती तुकड्या लागतील. ही माणसे काय मागत आहेत, यासाठी त्या तक्त्यात रकानाच नसतो.

बस्तरच्या बाबतीत तर हा युक्तिवाद मतपेटीनेच खोडून काढला. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत प्रवीरचंद्रांच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या उमेदवारांनी बस्तरमधील बहुतांश जागा जिंकल्या. गोळीबारानंतर जेमतेम वर्षभरात लोकांनी संविधानाने दिलेल्या मार्गाने आपले म्हणणे पुन्हा नोंदवले होते. याहून अधिक सुसंस्कृत निषेध कोणता असू शकतो? त्याचा अर्थ लावण्याची तसदी भोपाळने घेतली नाही. पुढची चार वर्षे धान्यटंचाई, तांदळाची सक्तीची वसुली आणि राजवाड्याशी धुमसता संघर्ष यांत गेली. २५ मार्च १९६६ रोजी जगदलपूरच्या राजवाड्यातच गोळीबार झाला. प्रवीरचंद्रांसह बारा जण मरण पावले, असे सरकारने सांगितले. बस्तरमध्ये हा आकडा आजही कोणी खरा मानत नाही. द्वारकाप्रसाद मिश्र तेव्हा मुख्यमंत्री होते. न्यायमूर्ती के. एल. पांडे यांचा चौकशी आयोग नेमला गेला.

मी भिलाईत राहतो. या पोलादनगरीचेही स्वतःचे असे दिनांक आहेत. २ आणि ३ जून १९७७ ला दल्ली राजहरा येथे, जिथून भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज येते, शंकर गुहा नियोगी यांच्या अटकेनंतर खाण कामगारांनी पोलिसांना अडवून धरले आणि गोळीबारात अकरा जण ठार झाले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींची भिलाईत झोपेत गोळी घालून हत्या झाली. ती हत्या शासनाने केली नव्हती. पुढे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारेकऱ्याला जन्मठेप दिली आणि आरोपी उद्योजकांची सुटका कायम ठेवली. पण ते हयात असताना त्यांना तडीपार करण्याचे प्रयत्न प्रशासनाने केले होते, हेही तितकेच खरे. त्यांच्या मृत्यूनंतर कामावरून काढलेल्या कामगारांचे काय, कंत्राटी मजुरांच्या वेतनाचे काय, हे प्रश्न जिथल्या तिथे राहिले. ते मांडणारा मात्र उरला नाही. यावेळचा मधला काळ नऊ महिन्यांचा होता. १ जुलै १९९२ रोजी छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे कामगार बायकामुलांसह पॉवर हाउस स्थानकाजवळ रुळांवर बसले. गोळीबारात पंधराहून अधिक कामगार मरण पावले. एक पोलीस अधिकारीही त्या दिवशी मारला गेला. नऊ महिन्यांत मालक, कामगार आणि सरकार यांना एका टेबलाभोवती बसवता आले नाही आणि एका दुपारी मात्र सारे बळ एकत्र आणता आले.

गोळीबाराविषयी कायदा काय म्हणतो, हे सेवेत आलेल्या प्रत्येक तरुण दंडाधिकाऱ्याला पाठ असते. आधी इशारा, मग शक्यतो कमीत कमी बळ, आदेश लेखी, झाडलेल्या प्रत्येक फैरीचा हिशेब. बेकायदा जमाव पांगवण्याची जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली १२९ ते १३२ ही कलमे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४८ ते १५१ झाली आहेत. त्यांतले शेवटचे कलम सांगते की या कारवाईबद्दल सरकारच्या परवानगीशिवाय अधिकाऱ्यावर खटला चालवता येणार नाही. हे संरक्षण अनावश्यक आहे असे मी म्हणणार नाही. ते नसेल तर दंगलीच्या तोंडावर कोणीच उभे राहणार नाही. मात्र परवानगी देणारे सरकार आणि ज्याच्या धोरणातून तो जमाव जन्माला आला ते सरकार एकच असते, हे विसरून चालत नाही.

उरतो चौकशी आयोग. १९५२ च्या कायद्यानुसार अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांत तो, काय कारवाई केली याच्या निवेदनासह, विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. अहवाल हाती येईपर्यंत मात्र मुदतवाढीला अंत नसतो. विजापूर जिल्ह्यातील सारकेगुडा येथे २८ जून २०१२ च्या रात्री सतरा जण मारले गेले. ते माओवादी असल्याचा पुरावा नाही, हा न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल आयोगाचा निष्कर्ष विधानसभेत पोहोचायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. तरीही विलंब हा माझ्या मते दुय्यम दोष आहे. मूळ दोष आयोगाच्या विचारार्थ विषयांत असतो. गोळीबार कोणत्या परिस्थितीत झाला, तो समर्थनीय होता का, बळ प्रमाणात होते का, एवढेच त्यांत सहसा विचारले जाते. म्हणजे घड्याळ जमाव जमल्यापासून सुरू होते. त्या क्षणी दंडाधिकाऱ्यापुढे खरोखरच दुसरा पर्याय नसेलही. पर्याय होते ते आधीच्या सत्तेचाळीस दिवसांत, आणि त्या दिवसांची साक्ष कोणी काढत नाही. कोणती निवेदने आली, कोणी स्वीकारली, शिष्टमंडळाला कोणी भेट नाकारली, वर कोणता सल्ला गेला आणि तो कोणी फेटाळला, हे विषय आयोगापुढे अनिवार्यपणे ठेवले तर सर्वात खालच्या अधिकाऱ्याच्या शिरावर सारे टाकून मंत्रालयाला मोकळे होता येणार नाही.

हा विषय जुना झालेला नाही. १७ मे २०२१ रोजी सुकमा-विजापूरच्या सीमेवरील सिलगेर येथे सुरक्षा दलाच्या छावणीला विरोध करणाऱ्या जमावावर गोळीबार होऊन तिघे मरण पावले. त्या आंदोलनातून मूलवासी बचाव मंच उभा राहिला. त्याने वर्षानुवर्षे धरणे धरले, निवेदने दिली, राज्यपालांपर्यंत म्हणणे नेले. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस छत्तीसगड सरकारने २००५ च्या विशेष जनसुरक्षा कायद्याखाली या मंचावर बंदी घातली. मंचात माओवाद्यांचे हस्तक असल्याचा सरकारचा दावा आहे. तो काही अंशी खरा असला तरी एक प्रश्न उरतोच: सिलगेरच्या माणसाने आता आपली तक्रार कोणाच्या नावाने द्यायची? या वेळी हटवला गेला तो नेता नव्हे, संघटना होती. मधला काळ सुरू झाला आहे.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये याच धर्तीचे विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यावरील चर्चेत 'शहरी नक्षलवाद' या शब्दाचा अर्थ काय, यावर बराच वेळ गेला. बंदी घातल्यानंतरच्या आठवड्यांत प्रशासनाने काय करायचे, यावर फारसा गेला नाही. छत्तीसगडच्या अनुभवावरून त्याविषयी एक सूचना करता येते. संघटनेवर बंदी घालताना तिने मांडलेल्या मागण्यांची यादी अधिसूचनेसोबत जोडावी, त्या कोणाकडे प्रलंबित आहेत हे लिहावे आणि ज्यांच्यावर कोणताही गुन्हा नाही अशा गावकऱ्यांनी त्याच मागण्यांसाठी कोणत्या अधिकाऱ्याला, कोणत्या दिवशी भेटायचे, हेही त्याच कागदावर नमूद करावे.