उचलीच्या पैशातून शाळा नको

पाऊस पडो न पडो, जून उजाडला की आमच्या ओसरीवर माणसे येऊन बसतात. कुणाच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला, कुणाच्या पिशवीत रेशनकार्ड. प्रश्न एकच : पोर आठवी झाली, आता कुठे घालावी?

मागच्या वर्षी केज तालुक्यातील आमच्या नात्यातला एक भाऊ असाच आला. नवरा-बायको दोघेही ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबात ती दोन माणसे नव्हेत, एक कोयता. थोरली पोर हुशार. गावची जिल्हा परिषदेची शाळा आठवीला संपली. तालुक्याच्या गावातील एका खाजगी शाळेने नववीसाठी ‘इमारत निधी’ म्हणून १५ हजार मागितले. पावती मिळणार नाही, हेही सांगून टाकले. भाऊ म्हणाला, “दादा, मुकादमाकडून उचल वाढवून घेतो.” त्याची बायको खाली मान घालून बसली होती. ती एवढेच म्हणाली, “उचल फिटली नाही तर पुढच्या साली पोरीलाच फडात न्यावं लागंल.”

ज्या पैशाने पोर शाळेत जायची, तोच पैसा तिला शाळेतून ओढून नेणार! आणि फडावर गेलेल्या पोरीचे लग्न किती दिवस थांबते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ४० हून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली.

आम्ही भावाबरोबर त्या शाळेत गेलो. भांडलो नाही. एवढेच म्हणालो, “मागणी लेखी द्या, पैशाची पावती द्या.” कारकुनाने उद्या या म्हणून सांगितले. उद्याचे परवा झाले आणि शेवटी जागा भरल्याचे कळले. मग आम्ही दुसऱ्या गावच्या एका अनुदानित शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी दाखला पाहिला आणि त्याच दिवशी नाव घातले. निधीचे नावही निघाले नाही. ती पोर आज दहावीत आहे.

बंधू-भगिनींनो, यातून आम्ही शिकलो ते तुमच्यापुढे ठेवतो. पहिले, शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे आधी विचारा. संस्था खाजगी असली तरी अनुदानित शाळेतील शिक्षकांचा पगार सरकार देते. पाटी इंग्रजीत आहे म्हणून शाळा चांगली, असे समजू नका.

दुसरे, देणगी घेऊन प्रवेश देण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्यात कैदेची शिक्षा आहे. आठवीपर्यंत तर २००९ चा शिक्षणहक्क कायदाही आहे. घेतलेल्या देणगीच्या दसपट दंड त्यात होऊ शकतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. २५ टक्के राखीव जागांवरचे मोफत शिक्षण आठवीलाच संपते. पहिलीला लॉटरीत नंबर लागला म्हणून निर्धास्त राहिलेल्या पालकाच्या हाती नववीला फीचा कागद पडतो. त्याची तजवीज सातवीतच करा.

तिसरे, दसऱ्या-दिवाळीनंतर तुम्ही कारखान्याच्या वाटेला लागाल तेव्हा पोर कुठे राहील, हे जूनमध्येच ठरवा. समाजकल्याणची वसतिगृहे आहेत, अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या मुलामुलींसाठी शासकीय निवासी शाळा आहेत. अर्ज वेळेत गेला तर म्हाताऱ्या आजीच्या जिवावर पोर सोडण्याची पाळी येत नाही.

चौथे, प्रवेशाच्या फॉर्मवर धर्म आणि जात हे रकाने घाईत भरू देऊ नका. नवबौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, पण जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आजही मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा असेल तर तो जपा. शाळेच्या रजिस्टरातील चूक मूल शाळेत आहे तोवरच दुरुस्त करून घ्या, नंतर फार हेलपाटे पडतात.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका बालकाचे नाव दाखल झाले. रजिस्टरातील त्या एका ओळीने पुढे काय घडवले, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. तुमच्या लेकरासाठीही तशी एक ओळ लिहून घ्यायची आहे. मुकादमाच्या वहीत तिचे नाव चढण्याआधी शाळेच्या रजिस्टरात चढू द्या. शाळेच्या कचेरीत एकटे जायला दडपण येत असेल तर वस्तीतल्या शिकलेल्या पोराला बरोबर घ्या. तोही नसेल तर आमची ओसरी उघडी आहे.

जयभीम!