राशिन आणि राशीन

‘कर्जत’ या नावात डोळ्यांना तीनच अक्षरे दिसतात. जावा भाषेतील ‘लेंग्थ’ मात्र पाच सांगते. क, र, हलन्त, ज, त. रफार ज च्या डोक्यावर दिसला, तरी यंत्राच्या लेखी तो सुटा होऊन ज च्या आधीच बसलेला असतो.

एवढ्याने कोणाचे बिघडत नाही. उधारीच्या खात्यात मात्र बिघडते. तालुक्यातील राशिन कोणी ‘राशीन’ही लिहितो. वाचणाऱ्यास गाव एकच, ‘इक्वल्स’च्या तपासणीत दोन. नाव आणि गाव जोडून खाते शोधणाऱ्या प्रणालीत मग एकाच ग्राहकाची दोन खाती उघडतात. जमा एकीकडे, नावे दुसरीकडे, आणि पैसे चुकते केलेल्या भल्या माणसाच्या दारी तगादा जातो. शब्दामागची रिकामी जागा ‘स्ट्रिप’ काढून टाकते. ऱ्हस्व-दीर्घापुढे तिचा इलाज नाही. तेथे गाव टंकण्याऐवजी यादीतून निवडणेच बरे.

2024 साली जिल्हा अहिल्यानगर झाला. जावातील स्ट्रिंग एकदा घडली की बदलत नाही; ‘रिप्लेस’ जुन्या मजकुरास हात न लावता नवी स्ट्रिंग देते. ती जपून ठेवली नाही, तर पावतीवर अहमदनगरच उमटते. जुन्या पेढीवरही चुकलेली रक्कम खोडत नसत, उलट नोंद घालून नवी लिहीत. मुनीमजींना हा भाग शिकवावा लागला नसता.