भंगाराच्या काट्यावरचं इंजिन

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोनारीतलं आणखी एक इंजिन भंगारात निघालं. आण्णांच्या विहिरीवरचं. टेम्पो आला, सहा माणसांनी 'हो-हो' करत ते फळीवरून वर सरकवलं, आणि भंगारवाल्याने डायरीत वजन लिहिलं. बीडाच्या लोखंडाचा भाव, किलोवर. दोन मोठी चाकं, सिलिंडर, पाया धरून साडेतीनशे किलोच्या आसपास भरलं. दहा हजारांच्या आतला व्यवहार.

माझे चाचा तिथेच उभे होते. आता पंचाहत्तरी ओलांडलेले. परंडा तालुक्यातल्या किती विहिरींवरची इंजिनं त्यांनी खोलली आणि परत उभी केली, याचा हिशेब त्यांनी ठेवलेला नाही. ते भंगारवाल्याला एवढंच म्हणाले, "तुझा भाव आम्ही देतो, उतरव." आण्णा ओशाळले. "चाचा, तुम्हाला नुसतं मागितलं असतं तरी दिलं असतं," म्हणाले. पण पैसे घेतले, आणि घ्यायलाच हवे होते. सोयाबीनचं काय झालं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. जुनं इंजिन विकणाऱ्या शेतकऱ्याला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही.

सोनारी म्हटलं की लोकांना भैरवनाथाचं मंदिर आणि तिथली माकडं आठवतात. मला त्याच्याबरोबर एक आवाज आठवतो. पहाटे शिवारातून येणारा टुक्-टुक्-टुक्, मध्ये दमदार अंतर असलेला. ही लिस्टर धाटणीची इंजिनं मिनिटाला साधारण साडेसहाशे फेरे घेत. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीने ती रचना 1929 मध्ये बाजारात आणली आणि राजकोटच्या छोट्या कारखान्यांनी पुढे कितीतरी दशकं तिच्या नकला बनवल्या. आमच्याकडे तशी होती, किर्लोस्करांची होती, साताऱ्याची कूपरचीही होती. 1972 च्या दुष्काळानंतर गावोगाव विहिरी खोदल्या गेल्या, आणि वीज पोचायच्या आधी तिथलं पाणी याच इंजिनांनी उपसलं. वीज आल्यावरही भारनियमनाच्या रात्री पुन्हा त्यांचंच हँडल फिरवावं लागे. थंडीत इंजिन उठत नसे तेव्हा हवा ओढायच्या तोंडाशी चिंधी पेटवून धरायची. हँडल उलटलं तर मनगट गेलंच. अशा मनगटाची दोन-तीन माणसं आमच्याच गल्लीत होती.

आता सौर पंप आले. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतले निळे पत्रे परंड्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दिसतात. ते चांगलंच आहे. डिझेलचा भाव आणि तो काळा धूर मला परत नकोय, आणि माझ्या पुतण्याने रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जावं असंही मला वाटत नाही. माझं म्हणणं वेगळं आणि छोटं आहे: ही इंजिनं वितळवण्याआधी त्यातली काही चालू ठेवा, आणि चालवता चालवता कुणाला तरी शिकवा. कारण मिस्त्रीची विद्या चालत्या यंत्रातच राहते. बंद इंजिन चौथऱ्यावर रंग देऊन ठेवलं तर तिथे फक्त सेल्फी निघतात.

विद्या म्हणजे काय, ते सांगतो. चाचा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला लावतात आणि मूठ कानाला. डोळे मिटतात. आत टॅपेट वाजतंय, की मोठ्या बेअरिंगमध्ये ढिलाई आलीय, की पिनेत, हे त्यांना तेवढ्यात कळतं. ढिलाई मोजायला ते शिशाची बारीक तार बेअरिंगमध्ये ठेवून बोल्ट आवळतात, परत सोडतात आणि चपटी झालेली तार मोजतात. नोझल तपासताना फवारा धुरासारखा बारीक हवा आणि त्याबरोबर 'चर्र' असा कुरकुरा आवाज यायला हवा. थेंब गळला की नोझल गेली. व्हॉल्व्ह घासताना पेस्ट किती लावायची आणि कधी थांबायचं, हे कुठल्या पुस्तकात सापडलं तरी बोटांना ते पुस्तकातून कळत नाही. मी स्वतः डिप्लोमा केलेला माणूस आहे. चाचांशेजारी बसून पहिल्या दिवशी मी चांगला व्हॉल्व्ह जास्त घासून खराब केला. ते रागावले नाहीत. घरच्या बोलीत एवढंच म्हणाले, "हाथ कू बोलने दे, तू मत बोल."

आण्णांचं इंजिन उघडलं तेव्हा पिस्टन जाम होता. माझा हात लगेच हातोड्याकडे गेला. चाचांनी तो काढून घेतला. वरून डिझेल आणि रॉकेल ओतून ठेवलं. रोज सकाळी थोडं, आणि चाकाला एकच हलका झोका. सतराव्या दिवशी चाक सुपारीएवढं हललं. त्या संध्याकाळी आमच्या घरी बिर्याणी झाली, हे सांगायला हरकत नाही.

हाच प्रकार मी दुसऱ्या टोकाकडूनही पाहतो. आजकाल बांधावरच्या बाभळी तोडायला पोरं चेनसॉ घेऊन येतात. स्वस्तातली मशीन, दोन हंगाम चालते. कार्बोरेटरमधला रबराचा पडदा कडक होतो, मशीन पेट्रोल ओढेना होते, आणि पोरगा ती कोपऱ्यात टाकून नवी आणतो. पडद्याची किंमत एका जेवणाएवढी. पण तो बदलायला कुणी शिकवलेलं नाही, आणि दुकानदाराला नवी मशीन विकायची असते. परदेशात पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या चेनसॉ मिळवून, त्यांचे पॉइंट साफ करून, पुन्हा लाकडावर चालवून बघणारे हौशी लोक आहेत. इंग्लंडात जुन्या शेती-इंजिनांच्या जत्रा भरतात, आणि राजकोटची लिस्टर धाटणीची इंजिनं समुद्रापार नेऊन त्यांच्यावर घरचे दिवे लावणारे लोकही आहेत. ज्याला आपण किलोवर विकतो त्याला ते व्हिंटेज म्हणतात.

व्हिंटेज हा शब्द आपल्या सरकारलाही माहीत आहे. 2021 मध्ये केंद्राने नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नोंदणीची फी वीस हजार रुपये. म्हणजे आण्णांच्या इंजिनाला भंगारात जे मिळत होतं त्याच्या दुपटीहून जास्त. मुंबई-पुण्यात रविवारी अशा गाड्यांच्या रांगा निघतात, वर्तमानपत्रात फोटो येतात. मला त्या गाड्या आवडतात. पण ज्या यंत्राने शंभर घरांना ज्वारी खायला घातली त्याला असा मान देणारा कुठलाही कागद नाही.

दुसरा कागद दुरुस्तीच्या हक्काचा. 2022 च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल सुरू झालं. मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं यांच्याबरोबर शेतीची अवजारंही त्यात धरली आहेत. कंपन्यांनी सुट्ट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती द्यावी, असा हेतू. हेतू उत्तम. पण माहिती कंपनीकडून येईल आणि हात कुठून येणार? जिथे डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवतात अशा एका संस्थेत मी गेलो होतो. म्हटलं, आमचे चाचा आठवड्यातून एक दिवस येतील, मानधन नको, एक जुनं इंजिन आम्ही देतो. साहेबांनी चहा पाजला आणि विचारलं, "त्यांचं सर्टिफिकेट आहे का?" ज्यांनी सर्टिफिकेट छापायच्या आधीपासून काम केलं त्यांच्याकडे ते कुठून असणार! आमच्या समाजात असे मिस्त्री पिढ्यानपिढ्या झाले. शाळा सुटली, पाना हातात आला. शाळा सुटली याचं मला दुःखच आहे, ती सुटायला नको होती. पण पाना धरून जे मिळवलं तेही शिक्षणच होतं, हे कुणी मोजलं नाही. आम्हीसुद्धा मोजलं नाही. पोरांना सांगत राहिलो की काळे हात होतील असं काम करू नका.

जुन्या लोखंडाची किंमत वजनावर करायची सवय नवी नाही. आमच्या परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ होती. 1549 मध्ये अहमदनगरला महंमद बिन हुसेन रूमी या कारागिराने ओतलेली, सुमारे पंचावन्न टनांची. 1632 मध्ये ती इथून विजापूरला नेली. पुढे इंग्रजी अमलात, 1854 मध्ये, विजापुरातलं निरुपयोगी सामान लिलावात काढायचा हुकूम सुटला आणि या तोफेला बोली आली दीडशे रुपयांची. एका अधिकाऱ्याला ती फारच कमी वाटली, त्याने वर कळवलं, म्हणून तोफ वाचली. आज लोक तिकडे ती बघायला जातात. एका माणसाला भाव कमी वाटला, एवढ्यावर ते निभावलं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. तालुक्याच्या आयटीआयमध्ये एक जुनं इंजिन चालू स्थितीत असावं आणि वर्षातून काही दिवस गावच्या मिस्त्रीला तिथे गुरुजी म्हणून बोलवावं, सर्टिफिकेट न विचारता. यात्रेत पाळण्यांशेजारी चार इंजिनं लावायला जागा मिळावी. पोरं बघतील, एखादं हँडल मारून बघेल. मनगट सांभाळून, अर्थात.

आण्णांचं इंजिन सध्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. पिस्टन बाहेर निघालाय, रिंगा झिजल्यात, त्या बघायला बार्शीला जायचंय. शेजारचा एक आठवीतला पोरगा शाळा सुटली की येऊन बसतो. परवा चाचांनी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ त्याच्या कानाला लावली. इंजिन बंदच होतं. "काहीच ऐकू येत नाही," तो म्हणाला. चाचा म्हणाले, "बरोबर. बंद इंजिन असंच लागतं. हे लक्षात ठेव, पुढच्या महिन्यात फरक सांगायचाय."